खोलून बघणाऱ्यांचा मुलूख

देवराष्ट्रे म्हटलं की यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, एवढीच ओळख सांगली जिल्ह्याबाहेरच्या माणसाला असते. डिसेंबर २०२१ मध्ये या गावाला दुसरी ओळख मिळाली. दत्तात्रय लोहार यांनी घरीच जोडलेली एक छोटी चारचाकी मोबाइलवरून देशभर फिरली. दिसायला जुन्या जीपसारखी, आकाराने मात्र जीपचं शेंडेफळ शोभेल इतकी. आत मोटरसायकलचे भाग, बाकीचं बरंचसं भंगारातून आणलेलं, खर्च साठेक हजार. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे ही मोटार किल्लीवर नव्हे, किकवर सुरू व्हायची.

उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात सांगून टाकलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या दारात नवी बोलेरो उभी राहिली. बातमी गोड झाली. पण बनवणाऱ्याच्या हाताला शाबासकी आणि बनवलेल्या वस्तूला रस्ता बंद, हा जो व्यवहार त्यात झाला, तो या भागाला नवा नाही.

सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव हा एकच पट्टा. मधे कोगनोळीचा नाका आहे, १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्यं वेगळी आहेत, पण लेथवर उभा राहणारा माणूस दोन्हीकडे एकाच जातकुळीचा. परदेशात हौशी लोक घरामागच्या शेडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारची हुबेहूब प्रतिकृती जोडतात, वर्षानुवर्षं, दर रविवारी थोडी थोडी. तसले लोक आपल्या पट्ट्यात शोधायला गेलं तर हाताची बोटंही जास्त होतील. मात्र ज्या सवयीतून असली गाडी जन्माला येते ती सवय इथे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. दुसऱ्याने केलेली वस्तू आणायची, खोलायची, आत काय आहे ते बघायचं आणि तशीच आपल्या हाताने करायची.

सुरुवात सायकलीपासून झाली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं आणि त्यांची गाडी चित्रकलेवरून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. १८८८ मध्ये त्यांनी आणि भाऊ रामूअण्णांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्या काळात सायकल म्हणजे आजच्या स्पोर्ट्स कारइतकीच दुर्मीळ चीज. विकायची तर गिऱ्हाइकाला आधी चालवायलाही शिकवावं लागे. दुकानासोबत दुरुस्ती आली, दुरुस्तीसोबत हत्यारं आली, आणि हत्यारं आली की माणूस स्वस्थ बसत नाही. कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. परदेशी नांगर समोर होतेच. त्यांची बैठक तीच ठेवून इथल्या बैलाला आणि इथल्या मातीला मानवेल असा नांगर ओतायचा, हे काम बेळगावात झालं. लोखंडाने जमीन विटाळते, पीक करपतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर बराच काळ गिऱ्हाइकाची वाट बघत पडून होते.

नांगर विकले जाऊ लागले तेव्हा नगरपालिकेची नोटीस आली. नवी वसाहत व्हायची आहे, कारखाना हलवा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये बेळगावचा कारखाना बिऱ्हाडासकट तिकडे गेला. त्या निवडुंगाच्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. देवराष्ट्रे तिथून फार लांब नाही. एका कागदाने बेळगावच्या हातून काय गेलं याचा हिशेब बेळगावकर अजूनही चहाच्या टेबलावर मांडतात, आणि त्यात अतिशयोक्ती असली तरी चूक फारशी नसते.

कोल्हापुरातली गोष्ट आणखी मासलेवाईक. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा काढायचा ध्यास लागला, पण परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा कुठला? मग कॅमेराच करायचा! आनंदराव त्या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत कॅमेरा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. सिनेमाच्या इतिहासात हे प्रकरण कलेच्या खात्यावर जमा होतं. खरं तर ते लोहारकामाच्या, सुतारकामाच्या आणि दातेरी चाकांच्या खात्यावरही तितकंच जमा व्हायला हवं. फिल्म झटक्याने पुढे सरकणं, क्षणभर थांबणं, पुन्हा सरकणं हे घड्याळजीचं काम आहे. ते परदेशी यंत्राकडे बघून बघून कोल्हापुरात जमलं.

पुढे हीच विद्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनांवर चालली. नदीकाठच्या उसाला पाणी उपसायला आणि गुऱ्हाळाच्या घाण्याला ऑइल इंजिन लागे. विलायती इंजिन बंद पडलं की स्पेअर यायला महिनोन्‌महिने. मिस्त्री तो भाग काढून लाकडात त्याचा पॅटर्न करी, वाळूत साचा पाडी, ओतून घेई आणि लेथवर मापाला आणी. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ भागापेक्षा किंचित मोठा ठेवायचा, हे शाळेत न गेलेल्या पोराला पहिल्या महिन्यात कळायचं. एक भाग झाला, मग दुसरा, आणि शेवटी अख्खं इंजिन. याला कुणी नक्कल म्हणून हिणवलं तर उद्यमनगरातला जुना माणूस वाद घालत बसत नसे. ‘चालतंय न्हवं?’ एवढंच विचारायचा.

या शहरात उत्तम मोटारीचा नमुनाही दरवर्षी डोळ्यांसमोर येई. कोल्हापूरच्या संस्थानिकांची जर्मन मेबॅक दसऱ्याच्या स्वारीत निघते तेव्हा गर्दीतले निम्मे लोक छत्रपतींना मुजरा करतात आणि उरलेले, म्हणजे गॅरेजवाले, तिच्या बॉनेटकडे बघत असतात.

इतकं सगळं जमत होतं तर मोटार का जमली नाही? जमली होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आसपास लहान मोटारीचं काम हाती घेतलं आणि १९४९ मध्ये पहिली गाडी चालवून दाखवली. नाव ‘मीरा’. एक केली, मग सुधारून दुसरी, मग तिसरी, असं पंचवीस वर्षं चाललं. त्यांच्यापैकी एकीवर एमएचके १९०६ हा नंबर होता, म्हणजे ती रीतसर रस्त्यावर आली. स्प्रिंगांच्या पाट्यांऐवजी त्यांनी रबराचं सस्पेन्शन वापरलं. त्याने सुटे भाग कमी झाले आणि वजनही. इंजिन मागच्या बाजूला. १९७५ च्या सुमारास तिची अंदाजी किंमत होती १२,००० रुपये. ‘नॅनो’ आली तेव्हा वर्तमानपत्रांना मीरा आठवली, चार दिवस तिचे फोटो छापून आले, आणि पुन्हा सगळे विसरले.

मीरा ही कुठल्या गाडीची प्रतिकृती नव्हती; तिचा आराखडा शंकररावांचा स्वतःचा होता. पण ती ज्या ठिकाणी अडली ते ठिकाण पुढे घरी गाडी जोडणाऱ्या प्रत्येकाला भेटतं. त्या काळात मोटारींचा कारखाना काढायला दिल्लीचा औद्योगिक परवाना लागे. १९५१ च्या उद्योग कायद्याने ते ठरवून दिलं होतं. १९७० मध्ये संजय गांधींच्या नियोजित छोट्या गाडीला इरादापत्र मिळालं, तेव्हा त्यांच्याकडे विकण्याजोगी गाडी नव्हती. इचलकरंजीत गाडी होती. उत्पादनाची पायरी मात्र मीराने कधीच ओलांडली नाही.

तिकडे इंग्लंडात याच काळात सरकारी नियमाने उलटाच चमत्कार घडवला. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. दारं नाहीत, छप्पर नावाला, पुढे लांब नाक आणि दोन्ही बाजूंना सुटे मडगार्ड. तयार गाडीवर तिथे जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस ही गाडी खोक्यांत भरून विके आणि गिऱ्हाईक घरी जोडून घेई. त्यातही मेख अशी की भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागू व्हायचा. चॅपमनने सूचना दिल्या, पण गाडी खोलण्याच्या! गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या. १९७३ मध्ये इंग्लंडात नवा मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण तोवर घरी गाडी जोडण्याची चटक एका अख्ख्या पिढीला लागून गेली होती. कर चुकवण्याची युक्ती म्हणून सुरू झालेला उद्योग छंद होऊन बसला.

सेव्हनची नक्कल जगभर इतकी होते त्याचं कारण तिचं रूप नाही, तिचा साधेपणा. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने असली गाडी अडीचशे पौंडांत कशी जोडावी याचं पुस्तकच लिहिलं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा, चासी घरी वेल्डिंग केलेली. कोल्हापूर-बेळगावच्या कुठल्याही फॅब्रिकेटरने त्यातली चित्रं पाहिली तर त्याला यात भाषेची अडचण यायची नाही.

कारण पहिलं काम गाडीचं नसतंच, फळीचं असतं. आठ बाय चारचा जाड, सपाट बोर्ड घ्यायचा आणि त्यावर चासीचा तळ पूर्ण मापात आखायचा. रेषांच्या दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के करायचे. मग इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा, म्हणजे गावात खिडकीच्या ग्रिलला आणि शेडच्या गेटला वापरतात त्याच कुळातला, कापून त्या ठोकळ्यांत बसवायचा. आधी नुसते टाके मारायचे. पुरतं वेल्डिंग एका दमात केलं की लोखंड तापलेल्या बाजूला ओढलं जातं आणि चौकट पापडासारखी मुरडते. म्हणून एक टाका या कोपऱ्यात, पुढचा समोरच्या कोपऱ्यात. दर थोड्या वेळाने फीत लावून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. गवंडी घराचा पाया आखताना दोरी लावून जे बघतो तेच हे. इथे दोन मिलिमीटर चुकले तर पुढे गाडी आयुष्यभर एका अंगाला ओढते.

मग इंजिन. असल्या गाडीला ताकद मागच्या चाकांना लागते आणि आपल्याकडे खरी पंचाईत इथे आहे. मारुती ८०० पासून पुढच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. त्यांचं इंजिन-गिअरबॉक्स एकसंध उचलून सीटच्या मागे बसवता येतं, पण मग ती सेव्हन राहत नाही. मागून ढकलणाऱ्यांत अॅम्बॅसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा. आणि एक अनपेक्षित उमेदवार म्हणजे ओम्नी! शाळेची पोरं, लग्नाचं सामान आणि भाजीची पोती वाहणारी ही गाडी ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली ठेवून मागची चाकं फिरवते. दुपारच्या उन्हात शाळेबाहेर उभ्या असलेल्या ओम्नीत स्पोर्ट्स कारचं काळीज बघायला वेगळी नजर लागते, एवढंच.

बॉडीचं काम फायबरचं. तेही या पट्ट्याला परकं नाही. साच्याला मेण घासायचं, जेलकोट द्यायचा, वर काचतंतूचं मॅट अंथरून रेझिन पाजायचं, ब्रशने टोचून टोचून हवेचे बुडबुडे काढायचे. गणपतीच्या साच्यांवर वाढलेल्या हाताला यातलं निम्मं येतंच. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जो प्रतापगड उभा राहतो तोही एका अर्थाने प्रतिकृतीच, बुरुजासह आणि चालत्या चाकांवर. फक्त पावसाळ्यात हे काम काढू नये. बेळगावच्या दमट, गार हवेत रेझिन नीट पकडत नाही, वरून चिकट राहतं, आणि मग घासकाम करणारा माणूस साच्याला नव्हे, आभाळाला शिव्या देतो.

हात तयार, माल तयार, साचे तयार. मग अडतं कुठे? आरटीओच्या खिडकीवर.

नवी गाडी नोंदवायला फॉर्म २० भरतात. सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं उत्पादकाने लिहून दिलेला फॉर्म २२. घरी जोडणाऱ्याने हे दोन कागद कुणाकडून आणायचे? तो स्वतःच उत्पादक आहे म्हणावं, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम त्याला सांगतो की आधी तुझा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा तसल्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून आण. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग, सगळं. ती तपासणी कारखान्यांच्या खिशाला झेपणारी, रविवारच्या छंदाला नव्हे. बरं, जुन्या नोंदणीच्या गाडीवरच नवी बॉडी चढवली तर? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. उत्पादकाने दिलेल्या मूळ घडणीत बदल चालणार नाही, असं निकालाने सांगितलं.

यात एक गमतीदार अपवाद आहे आणि तो पुणे-बंगळुरू हमरस्त्यावर राहणाऱ्याला रोज दिसतो. ट्रक. कंपनीकडून नुसती चासी आणि काउल, म्हणजे केबिनचा पुढचा भाग येतो, हौदा बॉडीवाला बांधतो. कायद्याने त्याच्यासाठी वेगळा कागदच ठेवला आहे, फॉर्म २२-अ. अर्धा चासीवाल्याने भरायचा, अर्धा बॉडीवाल्याने. म्हणजे जुनी गाडी मोडून त्याच हाताने केलेली दोन माणसांची छोटी गाडी बेकायदा. पण दहा टन तंबाखू किंवा ऊस वाहणाऱ्या गाडीचा अर्धा भाग गावातल्या शेडमध्ये तयार झालेला चालतो. आणि हे विसंगत वाटलं तरी पूर्ण चुकीचं नाही. ट्रकचे ब्रेक आणि स्टिअरिंग कारखान्यात तपासलेले असतात, घरच्या गाडीचे कुणी तपासायचे हा प्रश्न खराच आहे. वाईट एवढंच की तो प्रश्न विचारायची खिडकीच आपल्याकडे नाही. इंग्लंडात आहे. तिथे एकट्यादुकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला की छोटा उत्पादक वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकू शकेल, एक अट अशी की मूळ गाडीला किमान २५ वर्षं उलटलेली हवीत. कॅरोल शेल्बीच्या १९६० च्या दशकातल्या ‘कोब्रा’ मूळच्या जेमतेम हजार. प्रतिकृती किती झाल्या याची गणती सोडाच, मूळ गाडी रस्त्यावर दिसली तर तिचाच मालक ‘ही खरी आहे’ म्हणून सांगत सुटतो.

सीमाभागात त्यावर आणखी एक वेटोळं आहे. कोल्हापूरच्या भंगार बाजारातून घेतलेली जुनी गाडी एमएच-०९ ची. ती जोडणारा निपाणीचा, आणि निपाणी चिकोडी आरटीओकडे, म्हणजे केए-२३. कोल्हापूर ते निपाणी जेमतेम चाळीस किलोमीटर, पण गाडीने बारा महिन्यांहून जास्त मुक्काम केला तर नवा नंबर हवा. त्यासाठी कोल्हापूरची ना-हरकत, इकडचा कर. घरात मराठी, दारावर मराठी, फॉर्म कन्नडमध्ये. गाडीच्या चासीलाही लागत नाहीत तितके टाके या प्रवासाला लागतात.

एवढं असूनही मराठी मुलखात सेव्हनच्या कुळातली गाडी जिद्दीने करून दाखवली गेली ती अलिबागजवळ कार्लेखिंडीत. गुइडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने २००३ च्या सुमारास ‘रोडस्टर’ काढली. फायबरची बॉडी, नळ्यांची चासी, आणि इंजिन हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसात वापरलेलं १८०० सीसीचं इसुझु. जोडून तयार किंवा किट म्हणून. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर ती गेली की लोक वळून बघत, आणि त्या वळून बघण्यावर कंपनी चालत नसते हेही खरं. संख्या थोडीच राहिली.

बेळगावात मात्र आज चित्र उलटं दिसतं. उद्यमबागेतल्या आणि मच्छे भागातल्या फाउंड्र्यांमध्ये मोठ्या वाहन कंपन्यांच्या इंजिनांचे भाग ओतले जातात. हत्तरगीला विमानांचे भाग घडतात. म्हणजे ज्या गावाने १९१० मध्ये नांगराचा कारखाना घालवला तिथूनच आता जगाला सुटे भाग जातात. ओतणाऱ्या माणसाला मात्र आपण ओतलेला भाग कुठल्या गाडीत बसला हे बहुधा ठाऊक नसतं. त्याचा बाप अख्खं इंजिन ओळखायचा. मुलगा एकाच भागाचं माप मायक्रॉनमध्ये सांगतो.

अख्खी गाडी हाताने जोडण्याचं काम आता या भागात उरलं आहे ते अभियांत्रिकी कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये. ‘बाहा’ किंवा ‘सुप्रा’ या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धांसाठी पोरं वर्षभर खपतात. पाइप कापतात, टाके मारतात, कर्ण मोजतात, भंगार बाजारात स्टिअरिंगचा नकल शोधतात, वेल्डिंग शिकवणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजतात. ब्रेकची तपासणी स्पर्धेचे परीक्षक करतात, आणि ती कडक असते. गाडी तयार झाली की रात्री वर्कशॉपच्या आवारात दोन फेऱ्या होतात, मोबाइलवर चित्रण होतं, कुणीतरी हार घालतं.

मग स्पर्धेच्या गावाला निघायची वेळ येते. नंबर नाही, म्हणून गाडी गेटबाहेर स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नाही. पोरं एक ट्रक ठरवतात, फळ्या लावून तिला हौद्यात चढवतात, चाकांना दोर बांधतात, वर ताडपत्री टाकतात. ट्रकचा हौदा कुठल्यातरी शेडमध्ये बांधलेला असतो. त्याचे कागद पुरे असतात.